गुडघे टेकलेली बाई

कॅनडात हॅलिफॅक्सला मुलाकडे राहायला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मी जवळच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागलो. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंच्या काचा होत्या; तेव्हा फोटो फिल्मवर नाही, काचेवर घेत. सगळे फोटो त्या चर्चच्या आतले: वेदी, बाकं, पालथ्या होडीसारखं लाकडी छत. त्या काचा स्कॅन करायच्या होत्या. काम बघणाऱ्या निवृत्त शिक्षिकेने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हातमोजे घाला आणि काहीही पुसू नका."

एका काचेवर रिकाम्या बाकांमध्ये एक बाई गुडघे टेकून बसली होती. चर्चच्या अंधारात तेव्हा एका फोटोला बराच वेळ लागे. हललेली माणसं उमटत नसत. ही उमटली, म्हणजे तेवढा वेळ ती हललीच नव्हती. काचेच्या ज्या कोपऱ्यात ती होती, तिथे धूळ दिसली. घरी रोज आंघोळीनंतर देवांच्या तसबिरी ओल्या फडक्याने पुसायची माझी चाळीस वर्षांची सवय. टेबल पुसायचं ओलं फडकं घेऊन हात आपोआप गेला, आणि नेमका चित्राचा थर असलेल्या बाजूवर गेला. फडकं काळं झालं. बाई नाहीशी झाली.

मी काच पाकिटात घालून ठेवून दिली. पुढे ती कुणीतरी उघडली, तेव्हा चर्चच्या कमिटीने बेसमेंटच्या ओलीवर ठपका ठेवला. रजिस्टरमध्ये तसं लिहिलं आणि देखभाल नीट झाली नाही म्हणून शिक्षिकेकडची बेसमेंटची किल्ली काढून घेतली. त्या बैठकीत मी होतो. कॉफी पीत होतो.

वर्षभराने बायकोला सांगितलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "अहो, मला काय सांगता? मी काय कमिटी आहे?"

त्या रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर मी शिक्षिकेसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

"मला वाटत होतं, मीच खिडकी नीट लावली नसेल," ती म्हणाली. "वर्षभर, सर. रोज."

"माफ करा," मी म्हणालो.

कमिटीपुढे तेच पुन्हा सांगितलं. तिला किल्ली परत मिळाली. मग तिने रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. ओलीबद्दलची ओळ मी खोडली आणि खाली माझी चूक लिहून सही केली. पेन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. ती बाई कशी होती?"

"खांद्यावर शाल. मान खाली. एक हात पुढच्या बाकावर."

"तेही लिहा. तिला नीट पाहिलंय ते तुम्हीच."

मी लिहिलं. तोवर तिने काचांची पुढची पेटी टेबलावर आणून ठेवली. "हातमोजे," ती म्हणाली, "आणि फडकं आधी माझ्याकडे द्या."