तोलेदोतली चार ठिकाणं

स्पेनमधल्या सायागोच्या खडकाळ माळावर पाच-सहा गावं विखुरलेली आहेत. त्यांना रोज सकाळी पाव पोचवायचं काम फाउस्ता करते. एकतीस वर्षं झाली. गाव आलं की ती दोनदा हॉर्न वाजवते आणि गाडीचं मागचं दार उघडून उभी राहते. हॉर्न वाजल्यापासून बाई दारात येईपर्यंत किती वेळ लागतो, हे तिला घरागणिक पाठ आहे. कुणी उंबऱ्याला हात टेकू लागली, कुणी पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, की फाउस्ताने ओळखावं, हिचा गुडघा गेला. डॉक्टरला ते सहा महिन्यांनी कळतं. बाई तोंडाने फटकळ, पण तिने एकदा ‘होईल’ म्हटलं की ते होतंच, असा तिचा लौकिक.

फ्रेस्नादिया गावातलं महिला मंडळ दर मे महिन्यात सहलीला जातं. सतरा बायका, त्यातल्या बाराजणी सत्तरीच्या पुढच्या. मागच्या वर्षीची सहल समुद्रकाठच्या एका शहरात गेली होती. परत आल्यावर सगळ्याजणी आठवडाभर तिचं कौतुक करत होत्या. एक्क्याऐंशी वर्षांची लेओकादिया सगळ्यांत जास्त. पण एका सकाळी पाव घेताना ती हळूच म्हणाली, “फाउस्ते, तुला म्हणून सांगते. मी काही पाहिलं नाही गं. तो वाटाड्या छत्री उंच धरून पळत सुटला. मी बसजवळच्या बाकावर सहा तास बसले. समोर पेट्रोल पंप होता.”

“मग मेले, बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर यंदा कुणी नेलं असतं का?”

फाउस्ताच्या डोक्यात ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं.

यंदाचं ठिकाण ठरलं तोलेदो. फेब्रुवारीत ग्रामपंचायतीचा कारकून अमान्सियो याने मंडळाच्या बैठकीत छापील कागद वाटले. दोन दिवस, अकरा ठिकाणं. फाउस्ता पावाची टोपली द्यायला आली होती. तिने उभ्या-उभ्याच कागद वाचला.

“अमान्सियो, हे चालून कोणी पाहिलंय?”

“चालायचं कशाला? कॉम्प्युटरवर सगळी अंतरं येतात. इथून तिथे सात मिनिटं, तिथून पुढे नऊ.”

“कुणाची सात मिनिटं? तुझी की प्राक्सेदेसची? प्राक्सेदेसला स्वतःच्या स्वयंपाकघरातून माझ्या गाडीपर्यंत यायला चार लागतात, आणि तिथे चढ नाही.”

बायका फिदीफिदी हसल्या. अमान्सियोचे कान लाल झाले. “एवढं कळतंय तर तुम्हीच आखा की सहल.”

“आखते,” फाउस्ता म्हणाली. “काय कठीण आहे त्यात?”

मार्चमधल्या एका गुरुवारी तिने पावाची फेरी दिरावर सोपवली आणि उजाडायच्या आत लेओकादियाच्या दारात गाडी उभी केली. हॉर्न दोनदा.

“आज लवकर गं?” लेओकादिया शाल सावरत आली.

“पाव नाही आणलाय. तुलाच न्यायला आलेय. तोलेदोला. संध्याकाळी परत.”

“मला कशाला?”

“सतराजणींत सगळ्यात हळू तू चालतेस. जिथे तू दमशील, तिथे आपण बाक शोधायचा.”

“म्हणजे मी तुझी मोजपट्टी?”

“हो. आणि मोजपट्टीने वाटेत बडबड करायची नसते. बस पुढे.”

लेओकादियाने वाटभर बडबड केली.

तोलेदो डोंगरावर आहे. खालच्या वेशीपासून वर जायला सरकते जिने आहेत, एकाला लागून एक. फाउस्ताची सगळी मदार त्यांच्यावर होती. पण लेओकादियाने ती सरकणारी पायरी पाहिली आणि काठी रोवून उभीच राहिली.

“मी नाही बाई. माझे पाय मी यंत्राच्या हवाली करणार नाही.”

फाउस्ताने समजावलं, दटावलं, शेवटी हात धरून ओढलं. म्हातारी जागची हलेना. मागे माणसं खोळंबली. तेवढ्यात फरशी पुसणारी एक जाडजूड बाई पोछा भिंतीला टेकवून पुढे आली.

“आजी, पायाकडे बघायचंच नाही. पुढच्याच्या मानेकडे बघा. तो बघा, तो टक्कलवाला. त्याच्या टकलावर नजर ठेवा आणि टाका पाऊल!”

लेओकादियाने टकलावर नजर रोखली, आईचं नाव घेतलं आणि पाऊल टाकलं. वर पोचल्यावर तिचा चेहरा असा फुलला की फाउस्ताला ओळखू येईना.

“खाली जाऊन परत येऊया का गं?”

“मावशी, आपण तोलेदो बघायला आलोय.”

“हेही तोलेदोच आहे ना?”

वरच्या चौकात दोघींनी कॉफी घेतली आणि कॅथेड्रलकडे निघाल्या. फाउस्ता वही उघडून लिहीत होती. इथे दगडी ओटा. इथे सावली. इथे शौचालय, पण तीन पायऱ्या उतरून. दर वेळी विचारलं की लेओकादिया म्हणत होती, “मी ठीक आहे. चल पुढे.” मोजपट्टी भलतीच मजबूत निघाली म्हणून फाउस्ताला हुरूप आला. कॅथेड्रल झालं. मठात नन बदामाची मिठाई विकतात, ते झालं. मग तिने जुन्या ज्यू वस्तीतून थेट पलीकडच्या टोकाला, ज्या चर्चच्या भिंतींवर सुटलेल्या कैद्यांच्या बेड्या टांगल्या आहेत, तिथवर पायीच जायचं ठरवलं. मनात म्हणाली, म्हातारीला जमतंय तर सगळ्यांना जमेल. आठ ठिकाणं सहज होतील.

शेवटच्या चढावर मागून काठीचा आवाज येईना, म्हणून तिने वळून पाहिलं. लेओकादिया एका बंद दाराच्या पायरीवर बसली होती. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. फाउस्ता धावत उतरली. पाणी पाजलं, बुटांचे बंद सोडले. घोटे सुजून टम्म झाले होते.

“कधीपासून दुखतंय?”

लेओकादियाने बूट परत पायात घालायला घेतले.

“मावशी, कधीपासून?”

“कॅथेड्रलच्या आधीपासून.”

“आणि तू मला ‘ठीक आहे’ म्हणत राहिलीस? तुझ्या शब्दावर मी सतराजणींना इथे आणून पाडणार होते!”

“ओरडू नकोस,” लेओकादिया म्हणाली. “खरं सांगितलं की माणसं म्हणतात, बिचारी, राहू दे तिला घरी. मला घरी राहायचं नाहीये, फाउस्ते. घरी मी अकरा वर्षं राहतेय, नवरा गेल्यापासून.”

फाउस्ता त्याच पायरीवर तिच्या शेजारी टेकली. मग तिने वहीचं पान फाडलं, चुरगळलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.

“परत पहिल्यापासून सांग. कुठे दुखायला लागलं? चौकात की नंतर? आणि आता खोटं बोललीस तर सरकत्या जिन्यावर नेणार नाही.”

एप्रिलच्या बैठकीत तिने नवा बेत मांडला. दोन दिवसांत चारच ठिकाणं. पहिल्या दिवशी कॅथेड्रल आणि ननची मिठाई. दुसऱ्या दिवशी बेड्यांचं चर्च, तेही तोलेदोतल्या छोट्या बसने, आणि मग नदीपलीकडच्या टेकडीवरून अख्खं शहर. रोज दुपारी दोन तास मोकळे.

एल्पिदिया उसळली. ती मंडळातली सगळ्यात तरणी, म्हणजे साठीची. “चार ठिकाणांसाठी एवढ्या लांब? मागच्या वर्षी दहा पाहिली होती!”

अमान्सियो छताकडे बघून मिशीत हसला.

तेव्हा लेओकादिया काठी टेकत उठली. “मागच्या वर्षी मी सहा तास एक पेट्रोल पंप पाहिला,” ती म्हणाली. “चांगला होता. चार नळ्या होत्या.”

मग कोपऱ्यातून प्राक्सेदेस म्हणाली, “मी बसच्या ड्रायव्हरबरोबर पत्ते खेळत होते. हरले.” तिसरीने सांगितलं, ती चर्चच्या दारातूनच परत फिरली होती. मोजता-मोजता नऊजणी निघाल्या. जिचं गावभर कौतुक करत हिंडल्या, त्या सहलीतलं निम्म्याहून जास्त बायकांनी काही पाहिलंच नव्हतं. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग हसू आवरेना. एल्पिदिया मात्र हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मला का नाही सांगितलंत? मी थांबले असते की तुमच्यापाशी.”

“मोकळ्या वेळात तू हवी तेवढी भटक,” फाउस्ता म्हणाली. “तुझ्यासाठी आणखी सात ठिकाणं लिहून आणलीत.”

मेमध्ये सहल निघाली. बस वाटेत बिघडली आणि सव्वा तास उशीर झाला. अमान्सियो घड्याळ बघून घामाघूम. फाउस्ता म्हणाली, “ते दोन तास मोकळे ठेवलेत ना, ते ह्यासाठीच.” आणि ती रस्त्याकडेच्या झाडाखाली सगळ्यांना पाव आणि मसालेदार चोरिसो सॉसेज वाटत फिरली. सरकत्या जिन्यापाशी लेओकादियाने कमरेवर हात ठेवून बाकीच्यांना शिकवलं. टक्कलवाला कुणी नव्हता, म्हणून अमान्सियोला पुढे उभं केलं.

कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीच्या मागे छताला भलंमोठं भोक पाडलंय. त्यातून वरचा उजेड थेट संगमरवरी देवदूतांवर पडतो. फाउस्ताने तिथे आधीच खुर्च्या मागून ठेवल्या होत्या. बायका बसल्या. अर्धा तास झाला तरी उठेनात. उजेड सरकत गेला तसा एकेका देवदूताचा चेहरा उजळत होता, विझत होता. फाउस्ता लेओकादियाच्या कानाशी वाकली. “निघायचं?”

“शू,” लेओकादिया म्हणाली. “मी बघतेय.”

फाउस्ताने मग घड्याळ काढून खिशात टाकलं आणि स्वतःही एक खुर्ची ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीच्या बसमध्ये अमान्सियो तिच्या शेजारी येऊन बसला. “ताई, पुढच्या वर्षी सेगोव्हिया म्हणतायत सगळ्या. तुमची ती वही बघायला मिळेल का? तशीच उतरवून घेतो.”

“तोलेदोची वही सेगोव्हियात काय कामाची?” फाउस्ता म्हणाली. “तुझी आई चालते का अजून?”

“चालते. हळूहळू.”

“मग एखाद्या गुरुवारी तिला घेऊन जा. आणि ती ‘ठीक आहे’ म्हणाली, तरी दोनदा विचार.”