निंबाभाऊंचं मडकं

शिरपूरकडून सुरतेला आलेल्या निंबाभाऊंचा कोणावर विश्वास नव्हता. दूधवाल्याचं दूध ते बोटावर थेंब घेऊन तपासत, आणि मी सख्खा शेजारी असूनही खोलीची किल्ली माझ्याकडे कधी ठेवली नाही. विश्वास होता तो फक्त मधमाश्यांवर. गावच्या रीतीनं आतून मेण चोळलेलं मडकं त्यांनी भेस्तानच्या चाळीत वळचणीला टांगलं. माश्या आपणहून येऊन राहिल्या, तेव्हा कुठे या माणसाला सुरत आपली वाटली. लूमच्या कामावरून सुटले की चहाआधी मडक्याखाली उभे!

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या उन्हाळ्यात मडकं रिकामं होऊ लागलं. झालं, भाऊंचा संशय मोकाट सुटला. आधी प्लेगच्या वेळी टाकलेली पांढरी पावडर. मग हजीऱ्याच्या कारखान्यांचा धूर. मग मी! "मध चाखना का रे तू?" असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. मला राग आला, अजून येतो. शेवटी सगळा ठपका आला मागच्या वांग्यांच्या मळ्यावर, म्हणजे मगनभाईंच्या औषधफवारणीवर.

"दवा छांटके मेरी माश्या मारी तुमने!" भाऊ बांधावरून ओरडले.

"होली के बाद से खेत खाली पडा है, निंबाभाई. छांटूं किस पर?"

भाऊंना पटेना, म्हणून मगनभाई स्वतःच मडकं बघायला आले. मडक्यापर्यंत नजर जायची गरजच पडली नाही. माश्यांसाठी भाऊंनी खाली मायेनं पाणी ठेवलं होतं, बुडू नयेत म्हणून त्यात काड्याही टाकल्या होत्या. त्या काड्यांवरच माश्या मरून पडल्या होत्या. पाणी होतं डाइंग मिलमधून आणलेल्या, रसायनाच्या निळ्या पिंपाच्या अर्ध्या भागात. मिलची रिकामी पिंपं चाळीत सगळेच आणत, माझ्याकडेही होतं. राखेनं दोनदा घासलं की झालं स्वच्छ, अशी आमची अक्कल.

"मी सोता घासेल शे," भाऊ पुटपुटले. त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"धुआँ भी होगा, पावडर भी होगा, कौन जाने," मगनभाई समजुतीनं म्हणाले.

मी विचारलं, "भाऊ, पिंपाचा दुसरा अर्धा भाग कुठाय?"

भाऊंनी आपल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आतून पाण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. शोभावहिनी नातीला न्हाऊ घालत होत्या.

भाऊ चपलांसकट आत धावले. "पोरले बाहेर काढ, शोभा! पयले बाहेर काढ!"