ताईच्या जागी विल्सनचं नाव

चमत्कार वगैरे गोष्टींशी माझं कधी जमलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं, मला स्वप्नात प्रकाश दिसला म्हणून सांगू लागलं, की मी मनात म्हणायची... पित्त झालं असेल. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. राग मात्र अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्धा जिल्ह्यातलं देवळी. ख्रिस्ती घरं वीसेक, बैठं कौलारू चर्च, एक पेटी आणि ती वाजवणारा विल्सन. माझी थोरली बहीण मार्था वर्ध्याजवळच्या एका कुष्ठधामात मलमपट्टीचं काम करायची. विल्सनने तिला मागणी घातली होती. तिने सरळ नाही म्हटलं. मग पुलगावचं स्थळ जमलं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात. कोणाची हरकत असेल तर तिथेच उभं राहून सांगायची. दोन रविवार नीट गेले. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं आणि विल्सन पेटीमागून उठला.

“माही हरकत हाय. पोरीच्या पाठीवर चट्टा हाय. हे लोक रोग लपवून राह्यले.”

डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं की काही नाही. तरी पुलगावचे पुन्हा फिरकले नाहीत. प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांत फिरणाऱ्या एकाच प्याल्याला ताईनंतर तोंड लावायला बायका तयार होईनात. दोन महिन्यांत ती मध्यप्रदेशातल्या एका मिशन इस्पितळात नोकरीला निघून गेली. विल्सन पेटी वाजवतच राहिला, आणि दर रविवारी त्याच्या सुरात सूर मिसळून मला गावं लागायचं. मला तो मेलेला हवा होता. साध्या शब्दांत, मेलेला.

आमच्या शेजारी राहेलबाई राहायच्या. म्हाताऱ्या बायबलबाई, म्हणजे गावोगाव फिरून बायकांना शास्त्र सांगणाऱ्या. आई गेल्यावर आम्हा बहिणींना त्यांनीच सांभाळलं. त्यांच्याकडे सासूकडून आलेली एक रीत होती, ती त्यांनी मला दिली. सकाळी चूल पेटवायच्या आधी दार उघडायचं, चौकटीवर हात ठेवायचा आणि घरच्या एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायचं. याला त्या कुंपण घालणं म्हणत.

“यात मागाचं काई नाई, रूथ. फक्त नाव घ्याचं. मंग देव पाह्यते.”

मी मनात म्हटलं, कुंपण घालता येतं तर मोडताही येत असेल. बाबांचं नाव झालं की ताईचं यायचं. ताई आता घरात नव्हतीच. तिच्या जागी मी विल्सनचं नाव घेऊ लागले, दात खाऊन. वर माझी पुरवणी... याचं कुंपण मोड, याला उघडा पाड. राहेलबाईंना यातलं काही सांगितलं नाही. सात-आठ महिने एक दिवस चुकला नाही. देवाचं इतकं मन लावून मी आधी कधी काही केलं नव्हतं.

कापसाचा हंगाम आला. विल्सन गावाबाहेरच्या एका जिनिंगच्या कारखान्यात वजनकाट्यावर होता. त्या सकाळी मी चौकटीवर हात ठेवून त्याचं नाव घेत होते, तेवढ्यात रस्त्याने माणसं धावताना दिसली. जिनिंगच्या शेडमध्ये कापूस पेटला होता आणि विल्सन आत अडकला होता. मीही धावले. वाचवायला नाही, बघायला.

आमच्यासमोर शेडचे पत्रे खाली आले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पाळकसाहेब टोपी काढून उभे राहिले होते... आणि शेडच्या मागच्या बाजूने विल्सन चालत आला. मागे दार नव्हतं, खिडकी नव्हती, नुसती विटांची भिंत. ती भिंत जशीच्या तशी उभी होती, मी स्वतः जाऊन पाहिली. त्याच्या सदऱ्याला डागसुद्धा नव्हता.

“आतमंदी काट्याचं कुंपण होतं,” तो म्हणाला. “चारी बाजूनं. आग त्याच्या बाहेर होती. अन कोनीतरी बाई माहं नाव घेऊन राह्यली होती.”

त्या रीतीला कुंपण म्हणतात, हे राहेलबाई आणि मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी तो चर्चमध्ये उभा राहिला आणि मार्थाबद्दल आपण खोटं बोललो, असं सगळ्यांसमोर कबूल केलं. लोक रडले. त्याला क्षमा करून मोकळे झाले. देवाने राखलेला माणूस म्हणून बायका आपली लेकरं त्याच्यापुढे नेऊ लागल्या, डोक्यावर हात ठेव म्हणून! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेवटी राहेलबाईंना सगळं सांगितलं.

“तू त्याले आत घेतलं, पोरी,” त्या म्हणाल्या. “तुहा राग त्या कुंपणाले काय समजते?”

“आता बाहेर काढता येते का त्याले?”

त्यांनी सुपातल्या तांदळातला एक खडा वेचून टाकला. “मले नाई माहीत.”

नाताळला ताई आली. विल्सनने कबुली दिली म्हटल्यावर तिला बरं वाटेल, असं मला वाटलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे रोज सकायी त्याचं नाव घेत होती तू?”

“हो.”

“अन माहं?”

ताईने पोलक्याची बाही वर सारली. कोपराजवळ फिकट चट्टा होता. तिने त्यावर सुई टोचून दाखवली. “लागत नाई. दिवाईपासून हाय.”

काही वर्षं गोळ्या घेऊन ताईचा रोग पूर्ण बरा झाला. डॉक्टर म्हणाले, त्या कामात असं होऊ शकतं, हा रोग अंगात वर्षानुवर्षं गुपचूप असतो. असेल. मग विल्सन भिंतीतून कसा आला, हे मात्र मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. ताईने लग्न केलं नाही. विल्सन ऐंशीच्या पुढे गेलाय, ठणठणीत आहे, आणि त्याला मी माफ केलेलं नाही. दोघांची नावं मात्र रोज घेते. त्याचं गाळायची माझी हिंमत होत नाही.

मागच्या वर्षी ही रीत सुनेला दिली. नावं पाठ करताना तिने विचारलं, “आई, हे विल्सन कोण?”

“माहा वैरी,” मी म्हटलं. “घे नाव.”