पाठमोरी बांधलेली दोघं

वाचनालयाच्या मागच्या खोलीत खळकाकांचं टेबल आहे. पुस्तकं चिकटवायची खळ ते स्वतः शिजवतात, म्हणून हे नाव. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त पगारपत्रकाला माहीत. बत्तीस वर्षं फाटकी पुस्तकं सांधायची आणि त्यातली एक ओळही वाचायची नाही, असा त्यांचा खाक्या. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मी पुस्तकाच्या पाठीचा डॉक्टर. पोटात काय आहे ते पोटवाल्याने बघावं."

हा खाक्या एका चुकीने मोडला.

कोपऱ्यातल्या फळीवर नऊ बारीक पुस्तकं होती. जपानी चित्रकथा, मांगा म्हणतात त्या, भाषांतर केलेल्या. प्रत्येकीत दोन तरुण एकमेकांच्या प्रेमात पडायचे आणि एकाच भागात गोष्ट संपायची. त्यातलं एक कणा मोडून काकांच्या टेबलावर आलं. काकांनी पाहिलं तर पहिलं पान शेवटी! "छापणाऱ्याने डोळे मिटून बांधलंय," असं म्हणत त्यांनी जुना कणा कापला, पानांची दुसरी बाजू चिकटवली आणि पुस्तक आपल्या पुस्तकांसारखं उघडेल असं करून दिलं. वर शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवलं. काम म्हणजे कसं, चोख.

पंधरा दिवसांनी ते पुस्तक फळीवरून पुन्हा काकांच्या टेबलावर आलं. आत चिठ्ठी होती, अक्षर कोवळं, सही नाही. "काका, ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात. पान नव्वद-एक्क्याण्णव बघा. ही दोघं भांडलेली नाहीत. तुम्ही त्यांना उलटं बांधलंय."

काकांनी पान काढलं. दोन पानांवर पसरलेलं एक चित्र होतं: बेकरीतला कामगार आणि टपालवाला, जिन्यावर बसून एकमेकांकडे बघताहेत. बघायला हवे होते, खरं तर. काकांच्या बांधणीत त्यांनी एकमेकांकडे पाठ केली होती.

माणूस वरमला. पुन्हा कापलं, पुन्हा चिकटवलं, आणि या खेपेला चूक होऊ नये म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. मग उरलेली आठही.

आणि वाचायला लागल्यावर मत नको का बनायला? काकांची तर डझनभर बनली. प्रत्येक दुरुस्तीबरोबर ते एक चिठ्ठी भरायचे, त्यात 'शेरा' नावाचा रकाना होता. तिथे पूर्वी 'कणा सैल' एवढंच असायचं. आता असायचं: 'कणा सैल. प्रत्येक गोष्टीत एकाला ताप येतो आणि दुसरा पेज घेऊन धावतो. तापाशिवाय प्रेम जमत नाही काय?' दुसरीत: 'मुखपृष्ठ सुटलं. ऑफिसच्या गच्चीला कधीच कुलूप नसतं, हे पटत नाही.' तिसरीत मात्र चिडून: 'हात सोड म्हटल्यावर सोडायला हवा. उंच इसम नालायक. शिलाई ठीक.' आणि एकूण मत असं, की लांबलचक मालिकांपेक्षा ही छोटी बरी. एकशे ऐंशी पानांत उरकायचं, म्हणून उगाच आढेवेढे घ्यायला कुणाला सवड नसते.

देवघेवीच्या खिडकीवरचा कारकून त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायचा. "काका, या वयात तुम्हाला उंच इसमाचा एवढा राग?"

"गप रे. तू शिक्के मार."

एका मंगळवारी ग्रंथपालबाई यादी घेऊन मागे आल्या. नियम असा, की दोन वर्षांत जे पुस्तक एकदाही कुणी घरी नेलं नाही ते रद्दीत. शुक्रवारी पाच वाजता यादी जाणार होती. नऊच्या नऊ त्यात.

"बाई, ही वाचली जातात," काका म्हणाले. "एकेकीचा कणा मी तीन-तीनदा बसवलाय. न वाचता कणा मोडतो होय?"

"मग घरी कोण नेतं? नोंदीत शून्य आहे."

उत्तर काकांना ठाऊक होतं. कार्डावर नाव चढतं आणि पुस्तक घरी दिसतं, म्हणून वाचणारे फळीपाशी उभ्या-उभ्याच वाचतात. पण तसं सांगितलं, तर बाई विचारणार, कोण? आणि चिठ्ठीला तर सहीच नव्हती.

"नोंद झाली तर राहतील?" त्यांनी विचारलं.

"नोंद म्हणजे नोंद, काका. कुणाची का असेना."

काका खिडकीशी गेले. बत्तीस वर्षांत न वापरलेलं आपलं कार्ड पुढे केलं आणि दोन पुस्तकं ठेवली. एका कार्डावर दिवसाला दोनच मिळत. कारकुनाने कार्ड पाहिलं, पुस्तकं पाहिली. काकांच्या मागे बायकांची रांग होती. "काका, पुस्तकांची नावं मोठ्याने वाचू का?"

"वाच. बहिरा नाही मी."

घरी त्यांची थोरली बहीण, अक्का. डबा घासायला म्हणून पिशवी तीच रिकामी करायची, आणि काकांना धास्ती होती ती तिचीच. स्वयंपाकघरातून हाक आलीच. "धाकल्या, हे काय रे? उघडलं की पहिल्याच पानावर समाप्त?"

काकांनी पुस्तक तिच्या हातात फिरवून दिलं.

तिने चार पानं चाळली. "ही दोन्ही पोरंच दिसतायत."

"हो."

"पोरगी कधी येते?"

"येत नाही."

अक्काने आणखी एक पान उलटलं. काकांनी उगाचच नळ घट्ट केला.

"बरं," ती म्हणाली. "चष्मा दे माझा."

बुधवारी दोन, गुरुवारी दोन. यादीची आणि नऊ पुस्तकांची हकीकत अक्काने काकांकडून काढून घेतली होती. अक्का सकाळी डब्याबरोबर मतंही भरून द्यायची. "तापवालं आवडलं मला. तुला काय कळतंय तापातलं? पेज मीच केली तुला जन्मभर." उंच इसमाबद्दल मात्र दोघांचं एकमत झालं.

शुक्रवारी सकाळी काकांनी सातवं आणि आठवं घेतलं, तेव्हा हिशेब लक्षात आला. चार दिवस, दिवसाला दोन, आणि पुस्तकं नऊ. राहिलं होतं नेमकं ते जिन्यावरचं. आपण दोनदा कापलेलं म्हणून लाजेने त्यांनी ते मागे ठेवलं होतं.

"तुझ्या कार्डावर घे ना," त्यांनी कारकुनाला म्हटलं.

"काका, माझं लग्न ठरायचंय."

"वाचलंस तर लवकर ठरेल."

कारकून हसला, पण कार्ड काही काढलं नाही. चार वाजले. साडेचार वाजले. काकांनी खळ ढवळली, पुन्हा ढवळली. तिची पार लापशी झाली. पावणेपाचला खिडकीशी ओळखीचा आवाज आला.

"नववं कुठाय? आठ घरी न्यायची आणि नववं सोडायचं म्हणजे काय? आणि हे कार्ड चालतं का बघ रे मुला, जुनं आहे."

कार्ड एकोणीस वर्षांपूर्वीचं होतं. कारकुनाने ते उलटसुलट केलं, मागे उभ्या असलेल्या ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. बाईंनी घड्याळ पाहिलं, मग अक्काकडे.

"नूतनीकरणाचा शिक्का मार," त्या म्हणाल्या, आणि यादीवर नऊ रेघा ओढल्या. "दोन वर्षांनी पुन्हा बघू."

सोमवारी अक्काने पुस्तक परत पाठवलं, तेव्हा नव्वदाव्या पानात तिची चिठ्ठी होती. 'शेवट घाईत केला आहे. जिन्याचं चित्र चांगलं. तू मधली जागा कापलीस, त्यामुळे दोघं जरा जास्तच जवळ आली आहेत. असू दे.'

काकांनी पट्टी लावून मोजलं. अर्धा सेंटिमीटर भरलं. मग ती चिठ्ठी आणि ती जुनी बिनसहीची चिठ्ठी शेजारी-शेजारी, खळ लावून, मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली आणि पुस्तक फळीवर ठेवून आले.