उघाडी कुठे होती

माझ्या सासऱ्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं बोलणं बंद झालं ते एका उघाडीवरून. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला ते लावलं की खाडीचं खारं पाणी भातात शिरत नाही. पेरणीआधी तिथे नारळ फोडायची यांच्या घरची रीत. राई गावातल्या यांच्या शेतावर भराव पडला, बांध गेला, जाळी टाकलेली विहीर तेवढी उरली. सासरे म्हणतात, उघाडी विहिरीच्या उजव्या हाताला. काका म्हणतात, डाव्या. झालं! दरवर्षी दोन ठिकाणी दोन नारळ.

मी दादरची. शेतातलं मला ओ की ठो कळत नाही, पण नकाशांचं वेड शाळेपासूनचं. जुना सरकारी नकाशा इंटरनेटवर मिळाला, तो मोठा छापून आणला आणि सिल्व्हर पार्कातल्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर पसरला.

काय गंमत बघा! शेजारच्या डोंगरी गावच्या टेकडीवर उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेघांची नुसती दाटी आणि राईपाशी एकही नाही. म्हणजे सगळं सपाट. मग पाणी अडवायचं कोण? तर ही दातेरी रेघ, बांधाची. विहिरीचा ठिपका सापडला तेव्हा मी ओरडलेच. आता ओहोळाची निळी रेघ जिथे बांध ओलांडते, तिथेच उघाडी असणार.

सासरे चष्मा लावून शेजारीच बसले होते. माझं बोट ओहोळावरून सरकत बांधापाशी आलं. गावाकडून बघितलं तर विहिरीचा डावा हात, म्हणजे काकांचंच खरं. मनात म्हटलं, कुठून ही दुर्बुद्धी सुचली मला!

"न्हाय," ते म्हणाले. त्यांनी नकाशा स्वतःकडे ओढला आणि चक्क उलटा फिरवला. आता खाडी त्यांच्या पोटाशी आली, गाव समोर.

"ही बघ. उजव्या हाताला."

"बाबा, पण तुम्ही खाडीकडून बघताय."

"मंग? मी मिठागरातून घरी यायचो. तो घरून शेतात यायचा."

बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात आलं. आता मिठागर नाही, गावाच्या रस्त्यानेच जावं लागतं. विहिरीपाशी उभे राहून, खाडीकडे तोंड करून, इतकी वर्षं ते उजव्याच हाताला वळत होते, भलत्याच जागी नारळ फोडत होते. त्यांचं बोट त्या निळ्या रेघेवरून हलेना. मला इतकं वाईट वाटलं की नकाशा गुंडाळून टाकावासा वाटला.

"त्याला फोन लाव," ते म्हणाले.

मी लावला. पलीकडून काकांचा "हॅलो" आला. सासऱ्यांनी घसा खाकरला.

"या वर्साला नारल आनू नको," ते म्हणाले. "आपल्या दोघांचा एकच."