सहा तोंडांचा सेनापती

तिला सगळे करवत म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण वखारीच्या गल्लीत शिरून "करवत आहे का आत?" असं विचारलं, की कुणीही कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवायचं. करवत जाताना कापते तशी येतानाही कापते, आणि हिच्या जिभेचंही तेच होतं.

ती लाकडात मूर्ती कोरायची. मुलगा नव्हता म्हणून बापाने पोरीला शिकवलं, असं लोक म्हणत. ते खोटं. बापाने आधी दोन पुतणे शिकायला बसवले होते. दोघांनी मिळून एका हत्तीला पाच पाय काढले, तेव्हा बापाने पटाशी हिच्या हातात दिली. तेव्हापासून माणसांबद्दल तिचं मत जे खाली गेलं, ते पुन्हा वर आलं नाही. लग्न दीड वर्ष टिकलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ओलं लाकूड होतं. सुकल्यावर वाकडं झालं."

तिच्या घरात एकच माणूस होतं, बहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी गेली आणि ते गाठोडं हिच्या मांडीवर आलं. लाकूड कसं धरायचं ते तिला ठाऊक होतं, मूल कसं धरायचं ते नाही. शेडमागे पॉलिश करणाऱ्या बायका होत्या, त्यांतल्या दोघी लेकुरवाळ्या. त्यांनी आपल्या पोरांच्या तोंडचं काढून त्या बाळाला पाजलं. बाकीच्यांनी पाळीपाळीनं न्हाऊ घातलं, झोपवलं. मावशी रात्रंदिवस त्यांच्यावर खेकसायची, आणि त्या मनावर घ्यायच्या नाहीत.

ही भाची वीस वर्षांची झाली आणि म्हणाली, "मी सैन्यात जाणार." गावाबाहेरच्या मैदानावर भरतीची तयारी करून घेणारी एक संस्था होती, तिथं तिनं नाव घातलं. संस्थेचे चालक स्वतःला कॅप्टन म्हणवून घेत.

एका शनिवारी सकाळी भाची त्यांना घेऊन शेडमध्ये आली. छाती पुढे, पोट त्याच्याही पुढे. खांद्यावर पट्ट्या शिवलेला शर्ट, गळ्यात शिट्टी.

"बाई, मला युद्धाचा देव हवा," कॅप्टन म्हणाले. "देवांचा सेनापती. सहा तोंडं, बारा हात, आठ फूट उंच. हॉलमध्ये ठेवायचा. आत येणाऱ्याला धडकी भरली पाहिजे."

"मग तुम्हीच उभे राहा की दारात."

ते खूष होऊन हसले. त्यांना ती स्तुती वाटली.

कॅप्टनसाहेबांचं सैन्य कुठलं, हे करवतीला आठवड्याभरात कळलं. पॉलिशवाल्या एकीचा दीर शिंपी होता. गणवेश शिवून घेणाऱ्या सरकारी कोठारात हे साहेब अकरा वर्षं तपासनीस होते. प्रत्येक सदऱ्याचं बटण ओढून बघायचं, हातात आलं नाही तर शिक्का मारायचा. एवढीच त्यांची लढाई. त्या दिवसापासून शेडमध्ये त्यांचं नाव बटणसाहेब पडलं.

तरी तिनं काम घेतलं, ते ओंडक्यासाठी. बापाने आणलेला शिसवाचा एक ओंडका कोपऱ्यात सव्वीस वर्षं सुकत पडला होता. "याला हलकं काम देऊ नकोस," असं तो सांगून गेला होता. माणूस हलका होता, पण काम हलकं नव्हतं.

चार महिने ती कोरत होती. बारा हात वेगळे कोरून खुंट्यांनी खांद्याला बसवायचे होते, आणि एकाही हाताची सावली दुसऱ्यावर पडता कामा नये. दर शनिवारी बटणसाहेब येत आणि देवाला काहीतरी शिकवून जात.

"सहाही चेहरे चिडलेले हवेत," ते म्हणाले. "चार दिशा, वर आणि खाली. सगळीकडे शत्रूवर नजर!"

"खाली कोण शत्रू? मुंग्या?" करवतीनं पटाशी खाली ठेवली. "साहेब, ती तोंडं पहाऱ्याला नाहीत. हे पोर बोरूच्या बेटात सापडलं. सहा कृत्तिका तिथं आल्या. सहाही जणींना पान्हा फुटला आणि प्रत्येक म्हणाली, आधी मी. पोरानं कुणाला नाराज केलं नाही. सहा तोंडं काढली आणि सहाही जणींचं एकदमच प्यायला. युद्धाचा देव असेल, पण त्याची तोंडं दुधासाठी आहेत."

बटणसाहेबांनी असा चेहरा केला की जणू कुणी ओलं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलंय. "हे असलं हॉलमध्ये नको," ते म्हणाले. "तिथं मुलं शौर्य शिकायला येतात."

पुढच्या शनिवारी त्यांना मोर खटकला. "मोर नाचरा पक्षी. सेनापतीला शोभत नाही. सिंह द्या."

"मोर काढला तर हा जिंकला कुणाला ते कसं कळणार?"

"म्हणजे?"

"एका कथेत असुर शेवटी झाड होऊन उभा राहतो. यानं भाल्यानं त्या झाडाचे दोन तुकडे केले. एकाचा मोर झाला, दुसऱ्याचा कोंबडा. मोरावर हा बसला, कोंबडा झेंड्यावर घेतला. हा मोर म्हणजे शत्रूच आहे, साहेब. मारून फेकला नाही, कामाला लावला."

बटणसाहेबांनी विचार केला, म्हणजे कपाळाला आठ्या घातल्या. "ठीक आहे. मोर राहू द्या. पण चेहरा रागीट करा."

"मोराचा?"

"मोराचा."

त्याच्या पुढच्या शनिवारी ते म्हणाले, आजच्या काळाला धरून एका हातात रायफल दाखवावी.

"दाखवते," करवत म्हणाली. "आणि सदऱ्याला बटणं किती लावू?"

मागे उभी असलेली भाची खोकली. बटणसाहेबांचे कान लाल झाले. रायफलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

भाला मात्र तिनं मन लावून केला. बाप म्हणायचा, हा भाला म्हणजे याला आईनं दिलेली शक्ती. पातं रुंद, दांडा लांब, टोक तीक्ष्ण. जाण अशीच असावी, रुंद, खोल आणि धारदार, नाहीतर हातात नुसती काठी. समोरचे पाच चेहरे तिनं जागे कोरले, चिडके नाही. बटणसाहेबांना दोन्हींतला फरक कळणार नाही याची तिला खात्री होती, आणि तो कळलाही नाही. सहावा चेहरा मागच्या बाजूला होता. तो तिनं शेवटी केला. मिटलेले डोळे, आत गेलेले गाल, चोखताना पुढे आलेले ओठ. तो करताना तिला कुणाचा नमुना लागला नाही. अकरा दिवसांच्या भाचीचं तोंड तिच्या हातात होतंच.

मूर्ती हॉलमध्ये बसली त्या दिवशी दोनशे मुलंमुली, त्यांचे आईबाप आणि एक फोटोवाला जमले होते. बटणसाहेब पाऊण तास बोलले. आपण सीमेवर कसे जागलो हे त्यांनी अशा शब्दांत सांगितलं, की सीमा म्हणजे कोठाराचं कुंपण हे कुणाला कळू नये. मग सहा तोंडं म्हणजे सहा दिशांना रोखलेली नजर, असं ठासून सांगून ते म्हणाले, "आता आमच्या मूर्तिकार बाई दोन शब्द बोलतील. आम्ही एका महिलेला ही संधी दिली, हे लक्षात घ्या."

करवतीनं माईक घेतला.

"या देवाला वाढवायला सहा बायका लागल्या," ती म्हणाली, "तेव्हा कोरायला एक चालली, यात साहेबांचे उपकार काही नाहीत. आणि तोंडांचं म्हणाल तर ती नजर ठेवायला नाहीत, दूध प्यायला आहेत. खोटं वाटत असेल तर मागे जाऊन बघा. तिथलं तोंड अजून पितंय. तुमची पोरंही कुणाचं तरी पिऊनच एवढी झालीत. त्यांना कुठं पाठवायचं हे सांगणाऱ्यानं आधी स्वतः काय काय केलंय, ते विचारून घ्या. बटणं सोडून."

बटणसाहेबांनी माईक काढून घेतला आणि "जय जवान" म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या बोलण्यालाही वाजवल्या होत्या, तितक्याच. कुणी मागे जाऊन पाहिलं नाही. करवतीला बटणसाहेबांपेक्षा त्या टाळ्यांचीच जास्त किळस आली.

परतताना भाची रस्ताभर चार पावलं पुढे चालत होती. घराचं कुलूप काढलं आणि ती म्हणाली, "झालं समाधान?"

"खरं ते बोलले."

"खरं मला ठाऊक नव्हतं का? त्यांना रायफल धरता येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. पण ते सकाळी पाचला मैदानाचं फाटक उघडतात आणि मुलींना आत घेतात. दुसऱ्या कुणी घेतलं? आठ दिवसांवर माझी चाचणी आहे, आणि तू त्यांची सगळ्यांसमोर चड्डी सोडलीस."

"तो माणूस दुसऱ्यांची पोरं मरायला पाठवतो."

"मला कुणी पाठवत नाही, मावशी. मी जातेय." भाचीचा आवाज चढला. "आणि ती गोष्ट तू नेहमी अर्धीच सांगतेस. दूध प्यायला. बरं, मग? सात दिवसांचा झाला नाही तोवर तारकासुरावर चालून गेला. त्या सहा जणींनी त्याला धरून ठेवलं का?"

"त्या देवाच्या आया होत्या."

"आणि तू कोण आहेस?"

  करवत चूल पेटवायला आत गेली. आपण बटणसाहेबांना हसत होतो तेव्हा त्यातलं अर्धं हसू या पोरीला लागत होतं, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. तिनं पोरीलाही त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत धरलं होतं.

तीन दिवस दोघी कामापुरतं बोलल्या. चौथ्या दिवशी पहाटे भाची निघाली आणि मावशी शाल गुंडाळून मागोमाग गेली, कुंपणाबाहेर उभी राहिली. बटणसाहेब फाटक उघडत होते. शर्टाची एक बाजू बाहेर, डोळ्यांत झोप. मग मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि ते एकेकीपुढे वाकून तिच्या बुटाची नाडी ओढून बघू लागले. सैल असेल तर स्वतः गुडघ्यावर बसून दुहेरी गाठ मारत होते. पोटामुळे त्यांना धड वाकता येत नव्हतं आणि प्रत्येक वेळी उठताना ते कण्हत होते. त्यांनी एकही बूट सोडला नाही.

'अकरा वर्षांत तेवढं एक शिकला,' करवत मनात म्हणाली. त्यापेक्षा मोठी शाबासकी तिच्याकडून आजवर कुणाला मिळाली नव्हती. तिचं मत बदललं असं नाही. माणूस फुगाच होता. पण भाची धावली तेव्हा तिची नाडी सुटली नाही, हेही तिनं पाहिलं.

भाची चाचणीत पास झाली. तिच्या अभिनंदनाचा फलक संस्थेच्या दारात लागला, त्यावर तिचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि बटणसाहेबांचा खिडकीएवढा. मूर्ती त्यांनी सरकवून भिंतीला टेकवून ठेवली, सहावं तोंड कुणाला दिसू नये म्हणून.

"पिऊ दे आता भिंतीचं," करवत म्हणाली.

भाची प्रशिक्षणाला निघाली त्या सकाळी मावशीनं तिची पिशवी तीनदा उघडून भरली. "सांभाळून राहा," एवढं साधं वाक्य तिला म्हणायचं होतं. ते काही केल्या बाहेर येईना, म्हणून ती म्हणाली, "मोजे टाचेला विरलेत. दुसरे घे." भाचीनं मोजे घेतले आणि तिच्या गळ्यात पडली. पॉलिशवाल्या बायका रडत होत्या. करवत त्यांच्यावर खेकसली, आणि नेहमीप्रमाणे त्यांनी मनावर घेतलं नाही.

दीड महिन्यानं बटणसाहेब पुन्हा शेडमध्ये उगवले. झालं गेलं विसरलो, म्हणाले. संस्थेला पाच वर्षं होतायत, तर फाटकाजवळ एक अर्धपुतळा असावा, अशी विद्यार्थ्यांची फार इच्छा आहे.

"कुणाचा?"

त्यांनी लाजून खाली पाहिलं.

"साहेब," करवत म्हणाली, "लाकूड आतून पोकळ निघालं तर मी ते परत पाठवते. तुमच्यासाठी मी वखारीत तसंच शोधायला जाऊ का?"

ते तरातरा निघून गेले.

रविवारी भाचीला पाच मिनिटं फोन करायची मुभा असे. त्या रविवारी करवतीनं तिला ही हकिगत सांगितली. पलीकडे हसू ऐकू आलं, मग हलका आवाज आला, "मावशी, इथं आमच्यावर जो साहेब आहे ना, तो बटणसाहेबांचा थोरला भाऊ वाटतो. आरशासमोर उभा राहून स्वतःलाच सलाम ठोकतो. परवा म्हणाला, युद्धाचा खरा शस्त्रसाठा म्हणजे माझा आवाज. मी म्हटलं, मग सर, त्याला गंज लागलाय."

"तोंडावर म्हणालीस?"

"म्हणाले. दोन दिवस बटाटे सोलायला लावलेत."

करवत इतकी हसली की हातातली पटाशी तिला खाली ठेवावी लागली. मग डोळे पुसून ती म्हणाली, "साल जाड काढू नकोस. आणि जेवायला घालतात का नीट?"