साखरेच्या पाकळ्यांवरचं ओलं फडकं

अलिबागला समुद्रावरून येणारा वारा दोरीवरचे कपडे कधीच पूर्ण कोरडे होऊ देत नाही. त्यांच्या शिवणीत एक खारट ओल राहतेच. फॉन्डंटच्या पाकळीचंही तसंच. फॉन्डंट म्हणजे कणकेसारखी मळलेली, रंग दिलेली साखर. ती पोळपाटावर पातळ लाटून तिच्या पाकळ्या कापायच्या, आणि वाळून कडक होईपर्यंत प्रत्येकीला कशाचा तरी आधार द्यायचा. नाहीतर ती स्वतःच्याच वजनाने आडवी होते.

भावाच्या मुलीचा साखरपुडा दसऱ्याला होता. केकवर सोनचाफा हवा, असा तिचा हट्ट. मी घरातले सगळे चमचे जेवणाच्या टेबलावर मांडले. प्रत्येकात कॉर्नफ्लॉवर भुरभुरवलं, एकेक पिवळी पाकळी निजवली आणि तिचं टोक वळलेलं राहावं म्हणून खाली कापसाचा बोळा सारला. वर मंद पंखा. फ्रिजमध्ये ठेवायची सोय नव्हती, कारण बाहेर काढताच साखरेला घाम फुटतो. एरवी दोन दिवसांचं काम इथे चार दिवस खातं.

आई तेव्हा माझ्याकडे होती. अर्धांगवायूने तिचा उजवा हात निकामी केला होता. श्रीवर्धनला आमच्या आळीत ज्या घरी मोदक असतील, तिथून तिला बोलावणं येई. तिच्या पारीच्या कळ्या मोजायला पोरी भोवती बसत. आता ती खुर्चीवर बसून माझ्या हालचाली पाही आणि मधूनच म्हणे, "मला काहीतरी दे गो." मी भिजवलेले वाल पुढे ठेवत असे. डाव्या अंगठ्याने दाबून ती एकेक सोली. स्वयंपाकघरात आपलं काही काम उरलं आहे, एवढंच तिला हवं होतं.

"वास नाही, माळायचंही नाही," पाकळ्यांकडे बघत ती म्हणाली. "मग सरकारी पाहुण्यासारखं नुसतं बसवून ठेवायचं?"

"खाता येतं की."

"खाणार कोण? एवढ्या चमच्यांत निजवून ठेवलंयस. मी मेलीने एक उशी मागितली तर दोन दिवस लागले."

मी हसले. त्या दिवसांत आम्ही पुष्कळ हसलो, हे मला आता आठवतं.

तिसऱ्या दिवशी मी केकखालचा पुठ्ठा आणायला बाजारात गेले. परतले तेव्हा टेबलभर ओलं फडकं पसरलेलं होतं. मी ते उचललं. पाकळ्या चमच्यांच्या तळाशी चिखलासारख्या बसल्या होत्या, काही कापसाला चिकटल्या होत्या, आणि फडक्यावर हळदीच्या बोटांसारखे पिवळे डाग उमटले होते.

आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी ती जुनी, कामावरची तरतरी होती. "कडा कोरड्या पडायला लागल्या होत्या गो," ती म्हणाली. "तडकल्या असत्या. म्हणून झाकल्या."

मोदकाची उकड उघडी राहिली की सुकते, पारीला चिरा जातात. म्हणून ती ओल्या फडक्याखाली ठेवायची. साठ वर्षं तिच्या हाताने हेच केलं होतं. ते फडकं तिने नळाला गुंडाळून एका हाताने पिळलं असणार. नळाच्या मानेवरून अजून पाणी ठिबकत होतं. पण हे सारं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी आवाज न चढवता, एकेक शब्द नीट उच्चारून म्हणाले, "आई, ह्यापुढे तू इथल्या कशालाही हात लावू नकोस."

"बरं," ती म्हणाली.

मी पाकळ्या पुन्हा केल्या. उबेसाठी शेजारी दिवा लावला, पंखा वाढवला, दर दोन तासांनी त्या उलटवल्या. या खेपेला हवेनेही साथ दिली. दसऱ्याला केकवर सोनचाफा ताठ उभा राहिला. वहिनी कौतुकाने म्हणाली, "आई, तुमचा हात लागलाय ना ह्याला? अशी वळणं दुसऱ्या कोणाला येणार?"

"छे गो," आई अर्ध्या ओठांनी हसली. "माझा लागला ते सगळं फुकट गेलं. ही वळणं हिची आहेत."

सगळे हसले. मी सुरी पुसत होते, पुसतच राहिले.

त्या संध्याकाळी मी तिची क्षमा मागितली. तिने माझ्या पाठीवर डावा हात ठेवला आणि म्हणाली, "तुझं बरोबरच होतं. मला त्यातलं काय कळतंय?" ती रागावली असती तर माझ्या क्षमा मागण्याला काही अर्थ राहिला असता.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. "पाणी घ्यायला आत येऊ का?"

"विचारतेस काय, आई? ये ना."

ती आत आली, पाणी प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि बाहेर जाऊन बसली. चैत्रात ती गेली. तोवर दर वेळी ती दाराशी थांबून विचारत राहिली, आणि दर वेळी मी 'ये ना' म्हणत राहिले.